कणकुंबी ते निपाणी, स्पोकच्या चाकांवर

पहिला दिवस: बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, खानापूर

निघायच्या आदल्या संध्याकाळी स्पोक वाजवून घेतले. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, चाक हातानं फिरवायचं आणि छोट्या पान्यानं एकेक स्पोक हलकेच ठोकायचा. घट्ट असेल तो टण्ण वाजतो, ढिला असेल तो बद्द. अलॉय चाकवाल्यांना हा उद्योग नसतो. आम्हाला असतो, कारण आम्ही गाडी घेताना आधी गोल दिवा आणि तारांची चाकं बघितली, बाकीचं नंतर.

गाडी म्हणजे कावासाकीची डब्ल्यू १७५. भारतात ही २०२२ साली आली. १७७ सीसीचं, वाऱ्यावर थंड होणारं एक सिलिंडरचं इंजिन, १३ पीएस ताकद, पाच गिअर, १३५ किलो वजन, १२ लिटरची टाकी. रूप घेतलंय १९६६ च्या डब्ल्यू १ वरून. ती ६२४ सीसीची, दोन सिलिंडरची. तिचं मूळ मेगुरो ह्या जुन्या जपानी कंपनीच्या के मालिकेत, आणि त्या मालिकेचं मूळ इंग्लंडच्या बीएसए कंपनीच्या ए ७ मध्ये. म्हणजे घराणं विलायतेपासूनचं, वारस मात्र अंगानं बारीक. टिळकवाडीत कुठंही गाडी लावली की कुणीतरी विचारतोच, ‘बुलेटची लहान काढली काय ओ?’ मी होय म्हणून मोकळा होतो. बीएसएपर्यंत समजवायला चहा पाजावा लागतो.

पिरनवाडीच्या फाट्याला उजवीकडे वळलं की किणये, आणि तिथून पुढं हवा बदलते. डिसेंबरची सकाळ, झाडांवरून दव टपटपत होतं. गोव्याला जाणारी वाहतूक ह्याच रस्त्यानं चोर्ल्याकडं जाते, त्यामुळं धुक्यातून अचानक ट्रकचं तोंड पुढं येतं. अशा वेळी हलकी गाडी बरी. पन्नासच्या वेगात चौथ्या गिअरवर ती निवांत असते, आणि कडेला घ्यायला फूटभर जागा पुरते.

जांबोटीला मावसभाऊ स्प्लेंडर घेऊन थांबला होता. खानापूरचा. गाडी नवी होती तेव्हापासून त्याचं तिच्यावर लक्ष आहे, म्हणजे खोट काढायला. मागच्या चाकाकडं बोट दाखवून म्हणाला, ‘दीड लाख घातलास आणि मागं ड्रमच? ड्रम तर माझ्या स्प्लेंडरला पण हाय की रे.’ बरोबर होतं त्याचं. पुढं डिस्क आणि एबीएस, मागं ड्रम. पण मला ड्रमचं वावडं नाही. ब्रेकचं लायनर झिजलं की दांडीवरचा नट दोन आटे पुढं घ्यायचा, झालं. पावसाळ्यात एखाद वेळी आत पाणी जाऊन ब्रेक चुईं करतो, तेवढंच.

कणकुंबीला माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते. उगमाचं कुंड बघून मावसभाऊ म्हणाला, ‘एवढीशी?’ ह्याच नदीवर पुढं सौंदत्तीला धरण आहे, हे उगमापाशी उभं राहून खरं वाटत नाही. जवळच कळसा नाल्याच्या कालव्याचं खोदकाम दिसतं. हा नाला म्हादई नदीला मिळणारा. म्हादईच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक कित्येक वर्षं भांडतायत. २०१८ साली लवादाचा निवाडा आला, भांडण मात्र मिटलं नाही. देवळाजवळच्या टपरीवर तीन माणसं बसली होती. एक कोकणीत बोलत होता, एक मराठीत, आणि टपरीवाला दोघांना त्यांच्या त्यांच्या भाषेत उत्तर देऊन फोनवर कन्नडमध्ये दुधाचा हिशेब करत होता.

परतताना जांबोटीहून खानापूरचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना जांभ्याची लाल माती. ती नुसती धूळ नव्हे. तेल लावलेल्या चेनवर बसली की तिचं वाटणासारखं होतं आणि रोलर झिजवतं. म्हणून ह्या भागात मी चेनला कमी तेल लावतो आणि रोज पुसतो. लोक उलट करतात, भरपूर ओततात, आणि चेन लवकर गेली म्हणून गाडीला शिव्या देतात.

मावशीला बेळगावचा कुंदा दिला. तिनं तो न उघडता देवापुढं ठेवला आणि आधी विचारलं, ‘ह्या वयात एकटाच फिरलायस, घरात काय झालंय काय?’ काही झालं नाही, सुट्टी आहे, हे पटायला जेवण होईपर्यंत वेळ लागला. भात, आमटी आणि सुकटाची चटणी.

दुसरा दिवस: नंदगड, हलशी, कित्तूर, बैलहोंगल

सकाळी गाडी एका बटणात चालू. ह्या गाडीला इंजेक्शन आहे, चोक ओढायचा नाही. पण गार इंजिनला लगेच पिळू नये हे कार्ब्युरेटरच्या काळातलं शहाणपण आजही लागू आहे. तेल खाली साठलेलं असतं, ते वर कॅमपर्यंत पोचायला थोडा वेळ द्यावा. मावशी ‘चहा घेऊन जा की’ म्हणते तेवढा वेळ पुरतो.

नंदगडला कित्तूरच्या चन्नम्मा राणीचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा, त्याची समाधी. १८३१ साली इंग्रजांनी त्याला इथंच फाशी दिलं. समाधीपाशी नवस करणाऱ्यांनी पाळणे बांधलेले. मावसभाऊ आणि मी गेलो तेव्हा धारवाडकडून आलेलं एक कुटुंब बाळाला घेऊन आलं होतं.

हलशी त्याच्या पुढं. गोव्याच्या कदंबांची ही दुसरी राजधानी. आज बघायला गेलं तर शेतं, घरं आणि मधेच भूवराह नरसिंहाचं मोठं दगडी देऊळ. दोन गाभारे समोरासमोर. एकीकडं बसलेला विष्णू, दुसरीकडं पृथ्वीला उचलून धरलेला वराह. मधे उभं राहिलं की दोघांकडं पाठ न करता नमस्कार कसा करायचा हा प्रश्न पडतो. मावसभावानं तो आडवं उभं राहून सोडवला.

बीडीमार्गे कित्तूरला आलो. रस्ता मधे मधे इतका चांगला की वेग वाढवावासा वाटतो, आणि वाढवला की लगेच इतका वाईट की का वाढवला असं होतं. सत्तरच्या पुढं ही गाडी पळते, पण पळवण्यात राम नाही. साठ-पासष्टला तिचा आवाज जसा एकसारखा लागतो, तसा कुठंच लागत नाही, आणि त्या वेगाला लिटरमागं चाळीसच्या वर सहज जाते.

कित्तूरचा किल्ला पडका, पण पडक्यातही वाड्याची आखणी समजते. कुठं दिवाणखाना, कुठं न्हाणीघर, पाण्याच्या नळांची योजना. १८२४ च्या ऑक्टोबरात चन्नम्मा राणीच्या सैन्यानं कलेक्टर थॅकरेला इथंच मारलं. दुसऱ्या लढाईत किल्ला पडला. राणी १८२९ साली बैलहोंगलला कैदेतच वारली.

मावसभाऊ इथून परत फिरला. मी बैलहोंगलला मुक्कामाला निघालो आणि अंधारानं गाठलं. उसाचा हंगाम. समोरून ट्रॅक्टर, त्याला एकच दिवा, मागं दोन ट्रॉल्या, त्यांना रिफ्लेक्टर तर नाहीच, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. डावीकडं दाबलं तर पुढचं चाक खड्ड्यात असं बसलं की दातांवर दात आले. पडलो नाही. पण चाळीसच्या वर गेलं की हँडल थरथरायला लागलं. उतरून मोबाइलच्या उजेडात चाक फिरवलं. एका जागी रिम फोर्ककडं सरकत होती. रिम आउट झाली होती, म्हणजे एका बाजूला वाकली होती.

तिसरा दिवस: बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक

रिमचा आउट काढणारा माणूस हल्ली सहज मिळत नाही. लॉजवाल्यानं सांगितलेल्या पहिल्या दोन दुकानांत पोरं हुशार होती. एकानं मोबाइल लावून स्कॅनरच्या गोष्टी सांगितल्या, पण स्पोक चावी म्हटल्यावर दोघांनीही एकाच गल्लीकडं बोट केलं.

त्या गल्लीत एक म्हातारा मिस्त्री. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, दारात बाभळीची सावली. भिंतीवर येझदीच्या टाकीचं एक झाकण खिळ्याला टांगलेलं. येझदी ही जुनी मोटरसायकल आपल्याच राज्यातली, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना १९६१ ते १९९६ चालला. मिस्त्री येझदीवरच शिकलेला. मी त्याला मोडक्या कन्नडमध्ये सांगायला लागलो, त्यानं हातानंच थांबवलं आणि चाक फिरवून स्वतः बघितलं. ‘नोड्री’, बघा, म्हणाला आणि रिम जिथं सरकत होती तिथं बोट टेकवलं.

चाक काढताना त्यानं पहिली गोष्ट केली ती अशी: डिस्क सुटल्याबरोबर ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या फटीत काडेपेटीच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातला. कारण चाक नसताना कुणी चुकून पुढचा ब्रेक दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जात नाही. येझदीला कुठली डिस्क आली? पण माणूस नव्या गोष्टीही नजरेनं शिकतो.

मग टायर आणि ट्यूब काढली, ॲक्सल शिकंजात आडवा धरला आणि चाक त्यावर मोकळं फिरू दिलं. डाव्या हाताचा अंगठा फळीला टेकवून बोटात खडू धरला, अगदी रिमला लागेल न लागेल असा. चाक फिरलं तसा जिथं रिम बाहेर येत होती तिथंच पांढरी रेघ उमटली, वीतभर. रेघ उजवीकडं असेल तर त्या जागेचे उजव्या बाजूच्या हबला जाणारे स्पोक अर्धा आटा ढिले, डाव्या बाजूचे अर्धा आटा घट्ट. दोन निप्पल, म्हणजे स्पोकच्या टोकाचे छोटे नट, गंजून बसलेले होते, त्यांना डिझेलचा थेंब सोडला आणि तोपर्यंत बिडी पेटवली. पुन्हा फिरवलं, पुन्हा खडू. रेघ लहान झाली. पुन्हा. घाई करून एकाच स्पोकला पिळलं तर आउट जातो पण रिम लंबगोल होते, मग चाक वरखाली उड्या मारतं. म्हणून तो दर वेळी कमीच पिळायचा. शेवटी खडू सगळीकडं सारखा टेकायला लागला तेव्हा त्यानं स्पोक वाजवले. मी घरी करतो तसेच, फक्त त्याला पाना लागला नाही, नखानंच वाजवले.

आटे पुढं गेल्यामुळं दोन स्पोकांची टोकं आतून निप्पलबाहेर आली होती. ती कानशीनं घासली. स्पोकची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून रिमवर बसवतात ती जुनी रिमपट्टी फाटली होती. ह्या मापाची त्याच्याकडं नव्हती, म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून घातली आणि नवी घाल म्हणून दोनदा बजावलं. बारा वाजले. अडीचशे रुपये घेतले, ते पण हिशेब करून, आणि ‘सावकाश होग्री’ म्हणून बाभळीखाली बसला.

मला ह्या गाडीचं कौतुक करणारे बरेच भेटतात. गोल दिवा, क्रोमचा काठ, ‘जुनी शान’ वगैरे. त्यांच्या हे डोक्यात नसतं की रूप जुनं घेतलं की मागं मिस्त्रीही जुनाच लागतो. आणि तो काही शोरूममध्ये मिळत नाही.

बैलहोंगलच्या पूर्वेला माती काळी होते. ज्वारी, हरभरा, मोकळं आभाळ. सौंदत्तीकडं जाताना मागून पुढून बसगाड्या. मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आलेली. कोल्हापूर-सांगलीकडची माणसं यल्लम्माच्या डोंगरावर निघालेली, काही टेम्पोत, काही ट्रॅक्टरमध्ये, चूल-भांड्यांसकट. डोंगरावर ‘उदं गं आई उदं’ आणि हवेत भंडारा. गाडी अर्धा तास लांब उभी केली तरी सीटवर, मीटरवर, सिलिंडरच्या पाकळ्यांत सगळीकडं पिवळं. सिलिंडरच्या पाकळ्यांत काही साचू देऊ नये, ह्या इंजिनाला गार करायला वारा एवढाच आहे. एका आजीनं माझ्या कपाळाला लावला आणि मग टाकीलाही. ‘गाडीला पण लाव बाबा, ती तुला आणलीय न्हवं.’ कोल्हापूरकडच्या असाव्यात.

नविलतीर्थला मलप्रभा पुन्हा भेटली. कणकुंबीत जी उडी मारून ओलांडता आली असती ती इथं डोंगराच्या खिंडीत अडवलेली, नजर पोचेपर्यंत पाणी. धरणाचं नाव रेणुकासागर. ऊन कलल्यावर निघालो आणि यरगट्टीवरून गोकाकला पोचेस्तोवर दिवे लागले होते.

लॉजच्या मागं गाडी लावायला फरशी होती म्हणून चेन काढून धुतली नाही, जागेवरच पुसली. फडक्यावर आधी काळं आलं, मग तांबडं, मधे मधे हळदीच्या रेघा. चेन थोडी ढिली लागली. खालच्या बाजूनं मधोमध बोटानं वर-खाली केली तर दोन ते तीन सेंटिमीटरचा खेळ असावा. ह्यापेक्षा जास्त होता. दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखे फिरवले. एका बाजूचा जास्त फिरला तर मागचं चाक तिरकं बसतं आणि टायर एका कडेनं खाऊन जातो. मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मवर खुणा असतात त्या ह्यासाठी.

चौथा दिवस: गोकाक धबधबा, हुक्केरी, संकेश्वर, निपाणी, बेळगाव

धबधब्याला डिसेंबरात पाणी बेताचंच. घटप्रभा इथं ५२ मीटर खाली पडते. पावसाळ्यात आवाज लांबून ऐकू येतो. आता खडक जास्त, पाणी कमी. म्हणून उलट धबधब्यामागचा खडक नीट दिसतो. कडेला १८८७ साली पाण्यावर वीज तयार करायला सुरुवात केलेली सूतगिरणी आणि नदीवरून जाणारा झुलता पूल. गोकाकचा करदंट घेतला. डिंक, गूळ आणि सुका मेवा. डबा टाकीच्या पिशवीत ठेवला तर ऊन लागून मऊ होतो, मागं बांधावा.

सकाळी पुढच्या चाकात हवा कमी वाटली. पंपावर भरली. हुक्केरीला येईतो पुन्हा कमी. पंक्चरवाल्यानं टायर उघडून खिळा शोधला, सापडला नाही. ट्यूब पाण्यात धरली तर बुडबुडे आतल्या अंगानं, रिमच्या बाजूनं आले. बाहेरच्या अंगाला भोक असलं तर खिळा-काटा. आतल्या अंगाला असलं तर स्पोक. मिस्त्रीनं घातलेली पट्टी एका जागी सरकली होती आणि एका स्पोकच्या टोकानं ट्यूबला टोचलं होतं. पंक्चरवाल्यानं टोक पुन्हा घासलं, ट्यूबला थिगळ लावलं आणि पट्टीवर आणखी एक पट्टी चढवली. ट्यूबलेसला ह्यातलं काही नसतं, वर तार खुपसून पाच मिनिटांत काम. मान्य आहे. पण ट्यूबचं एक बरं, जे झालं ते उघडून बघता येतं.

संकेश्वरला पेट्रोल. ह्या पट्ट्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. आता पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल असतो. म्हणजे ज्या ट्रॉलीमुळं माझी रिम आउट झाली तिच्यातलाच ऊस कधीतरी माझ्या टाकीत येणार. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. म्हणून गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नये, काठोकाठ भरावी, आत हवा कमी राहिली की ओलावाही कमी. अॅव्हरेजही किंचित उतरतं, ते धरून चालायचं.

हायवेला लागून तवंदीचा घाट उतरलो आणि निपाणी. तंबाखूचं गाव. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन ह्याच हायवेवर बसलं होतं. गावाची मुलं ज्या देवचंद कॉलेजात शिकतात ते अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात. चहावाल्याला विचारलं, बॉर्डर कुठं? त्यानं मानेनंच रस्त्याच्या पलीकडं दाखवलं आणि पुन्हा साखर घालायला लागला.

इथं सुट्या भागांचं एक जुनं दुकान दिसलं. रिमपट्टी बेळगावातही मिळाली असती, पण मिस्त्रीचं बजावणं कानात होतं. दुकानदार फळीवर चढून मागच्या खोक्यातून काढत म्हणाला, ‘आता मोटरसायकलला कोण मागत नाही ओ. कुठली गाडी?’ बाहेर येऊन बघितलं, टाकीवरून हात फिरवला, आणि बुलेटची लहान काय म्हणून विचारलं. दोन्ही चाकांना सतरा इंची अशा दोन पट्ट्या घेतल्या.

परतीचा रस्ता सरळ हायवे, सांगण्यासारखं काही नाही. ट्रकच्या वाऱ्यात हलकी गाडी डुलते, डावी लेन सोडायची नाही. वंटमुरीचा घाट संपला की काकती, आणि मग बेळगावचे दिवे.

जेवण झाल्यावर मावसभावाचा फोन. त्याला सगळं सविस्तर सांगितलं, खड्डा, खडू, पट्टी.

‘किती पट्ट्या आणलास?’

‘दोन.’

‘दोनच? माझी स्प्लेंडर काय वाऱ्यावर चालते?’

‘तुझी अठरा इंची लागते रे. ह्या सतराच्या.’

‘मग ये की परवा जाऊन. तुझी गाडी आता सरळ चालते म्हणालास न्हवं?’